डावी कड कोणी आखली?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका जुन्या पोथीतल्या ‘दडलेल्या संदेशा’वर अर्ध्या पानाचा लेख आला होता. ओव्यांच्या चरणांची पहिली अक्षरे एकाखाली एक वाचत गेले की कवीचे नाव, त्याच्या गुरूचे नाव आणि एका ठिकाणी चक्क गावाचेही नाव निघते, असा त्यातला दावा. पोथीचे नाव मी इथे पुन्हा घेत नाही, कारण माझे भांडण पोथीशी नाही आणि कवीशी तर मुळीच नाही. पुढच्या रविवारी आलेली पत्रे मात्र एकजात ‘थक्क झालो’ या सुरातली होती. थक्क व्हायला माझी हरकत नाही. त्याआधी विचारायचा एक साधा प्रश्न राहून गेला, तो विचारण्यासाठी हे पत्र. ते लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. कात्री लावायची तर लावा, पण कृपया आकडे असलेला भाग कापू नका.

मी मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या जुळणीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत सगळ्या तऱ्हेची प्रुफे वाचली. या कामात एक खोड लागते. मजकूर वाचून झाला की पानाची डावी कड वेगळी वाचायची. लागोपाठच्या तीन ओळी ‘आणि’ने सुरू झाल्या की ते डोळ्याला खुपते, मग एखादा शब्द अलीकडे-पलीकडे सरकवायला जुळाऱ्याला सांगावे लागते. त्यामुळे त्या कडेला काय काय चमत्कार घडतात ते मी पोटभर पाहिले आहे. ‘वजन’, ‘मका’, ‘नवस’ तर नेहमीचे. कायद्याच्या एका जाडजूड पुस्तकात ‘सासरा’ आला होता, तोही मालमत्तेच्या प्रकरणात. हे शब्द कोणी लपवले नव्हते. गद्याची ओळ कुठे संपावी हे लेखक ठरवत नाही, स्तंभाची रुंदी ठरवते. तोच मजकूर पाव इंच रुंद लावला आणि सासरेबुवा अंतर्धान पावले.

म्हणून माझा प्रश्न असा: लेखकाने जी डावी कड वाचली, ती कवीची आहे की छापखान्याची?

जुन्या मराठी पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक असते की तिथे ओव्या एकीखाली एक मांडलेल्या नसतात. आडव्या लांबट पानावर या समासापासून त्या समासापर्यंत मजकूर सलग चालतो. कागद महाग आणि लिहिणाऱ्याचा हात काटकसरी. चरण संपला की दंड, ओवी संपली की दोन दंड आणि आकडा, की लगेच त्याच ओळीत पुढची ओवी सुरू. पुष्कळदा शब्दही तोडलेले नसतात. आकड्यांवर गेरूचा हात फिरवलेला असला तर तेवढीच डोळ्याला खूण. पानाच्या डाव्या कडेला जे अक्षर येते ते एखाद्या शब्दाच्या पोटातलेही असू शकते. चरण एकाखाली एक रचून दाखवणे हा नंतरचा, छापील पुस्तकातला उद्योग, आणि तोही प्रत्येक प्रकाशकाने आपापल्या सोयीने केला. कोणी ओवी चार ओळींत फोडली, कोणी दोन ओळींत, कोणी दीड ओळीत बसवली.

आता कोणी म्हणेल, यमकामुळे ओवीचे चरण कुठे संपतात ते कानाला कळतेच, मग कवीला कागदावरच्या कडेची गरज काय? बरोबर आहे. अक्षरमालेवर रचना करणारे कवी कानानेच काम करत. गुरू नानकांची ‘पट्टी’ घ्या किंवा कबीरांची ‘बावन अखरी’ घ्या, एकेका अक्षराला धरून पद पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला ते ऐकताना कळते. पण मग मोजण्याचा एकक ठाम हवा. आपल्या लेखात तो ठाम नाही. सोबत छापलेले छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. वरच्या ओव्यांत प्रत्येक चरणाचे पहिले अक्षर घेतले आहे. खाली जिथे तसे जुळले नाही, तिथे दीड ओळीच्या छपाईतल्या ओळींची पहिली अक्षरे घेतली आहेत. म्हणजे निम्मा संदेश कवीचा आणि निम्मा जुळाऱ्याचा! आमच्या व्यवसायाला इतका मान कोणी दिला नव्हता.

ज्यांच्या लिखाणाला खरोखर कड होती त्यांच्याकडे हा खेळ किती जुना आहे ते पाहण्यासारखे आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची एक बॅबिलोनी रचना आहे. दुःखाने पिचलेला माणूस आणि त्याचा मित्र यांचा संवाद, मातीच्या पाट्यांवर लिहिलेला. त्यात २७ कडवी, प्रत्येक कडव्यात ११ ओळी, आणि एका कडव्यातल्या अकराही ओळी एकाच अक्षराने सुरू होतात. ती २७ अक्षरे ओळीने वाचली की वाक्य मिळते: मी सग्गिल-किनाम-उब्बिब, मंत्र म्हणणारा पुरोहित, देवाचा आणि राजाचा भक्त. प्रत्येक अक्षर अकरा वेळा घोटून दिले आहे. इथे योगायोगाला पाय ठेवायला जागा नाही. हिब्रू बायबलमधल्या ११९व्या स्तोत्रातही तसेच: वर्णमालेतली २२ अक्षरे, प्रत्येकाने सुरू होणारे आठ-आठ चरण, एकूण १७६. हे दडवलेले म्हणावे असे नाहीच. कोणीही वाचले तरी दिसते.

खरी गंमत दिसत नाही तिथे असते, आणि त्यातले माझे सर्वांत आवडते उदाहरण अराटस या ग्रीक कवीचे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात त्याने नक्षत्रे आणि हवामानाची चिन्हे यांवर ‘फायनोमेना’ हे दीर्घकाव्य लिहिले. त्यात चंद्रकोरीवरून हवा कशी ओळखावी ते सांगताना ७८३वी ओळ ‘लेप्टे’ या शब्दाने सुरू होते. लेप्टे म्हणजे बारीक, नाजूक. त्याच ओळीपासून खाली पाच ओळींची पहिली अक्षरे वाचली की पुन्हा ‘लेप्टे’. एकच शब्द आडवा आणि उभा, दोघांचा कोपरा एक. त्याच्या पाचच ओळी आधी कवी सांगतो की आधी चंद्राच्या दोन्ही बाजूंच्या टोकांकडे नीट पाहा. टोकांकडे पाहा! वाचणारे आकाशात पाहत राहिले. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने तर या काव्याचे लॅटिन भाषांतर केले होते. हे आद्याक्षरी ‘लेप्टे’ ज्याँ-मारी झाक या फ्रेंच अभ्यासकाने १९६० मध्ये दाखवून दिले, आणि त्यानंतर ग्रीक-लॅटिन पंडितांत डावी कड वाचण्याची जणू साथच आली.

सिसेरोचा उल्लेख आला म्हणून सांगते, आद्याक्षरांवर त्याचे एक मत आहे आणि ते मला फार पटते. रोममध्ये सिबिल या भविष्यवादिनीची भाकिते दैवी झपाटलेपणात उच्चारलेली मानत. भविष्यकथनावरच्या आपल्या ग्रंथात सिसेरो म्हणतो की या ओळींची आद्याक्षरे जुळवलेली आहेत, त्याअर्थी हे बेभान माणसाचे बोल नव्हेत, लक्षपूर्वक लिहिणाऱ्याचे काम आहे. त्याच्या जवळपासच्या काळातला इतिहासकार हॅलिकार्नाससचा डायोनिसियस तर सांगतो की या भाकितांत मागाहून घुसडलेल्या ओळी आद्याक्षरांवरूनच ओळखू येत. आपल्याकडे ‘लपलेली अक्षरे म्हणजे दिव्य दृष्टी’ असे लेखक सुचवतात. दोन हजार वर्षांपूर्वी नेमका उलटा निष्कर्ष काढला गेला होता.

आता आकड्यांकडे येते. होमरच्या ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गाच्या पहिल्या पाच ओळींची आद्याक्षरे ‘लेउके’ हा शब्द देतात. लेउके म्हणजे पांढरी. ही गोष्ट प्राचीन काळीही कुणाच्या तरी ध्यानात आली होती. सर्गाच्या अगदी आरंभी आहे, तेव्हा मोह होतोच. पण साधा हिशेब करू. ग्रीक अक्षरे २४. सगळी सारखीच येतात असे क्षणभर धरले, तर ठरावीक पाच अक्षरे ठरावीक जागी येण्याची शक्यता ७९,६२,६२४ मध्ये एक. इलियडच्या ओळी साडेपंधरा हजारांहून थोड्या जास्त. म्हणजे हाच शब्द कुठे ना कुठे सापडण्याची शक्यता पाचशेत एक. फारच कमी, नाही का? पण आपण ‘लेउके’ शोधायला निघालो नव्हतो. आपण कोणताही अर्थपूर्ण शब्द चालवून घेतला असता. ग्रीकमध्ये पाच अक्षरी शब्दरूपे हजारोंनी आहेत. नुसती दोन हजार धरली तरी चारेक शब्द आपोआप निघायला हवेत. मग त्यातला एखादा सर्गाच्या तोंडाशी आला तर त्याला होमर काय करणार? शिवाय ही काव्ये आधी तोंडी परंपरेत गायली जात होती. गाणाऱ्याला डावी कड कसली?

आपल्या लिपीत हे गणित आणखी मजेदार होते, आणि लेखकाची सगळी करामत इथेच आहे. ‘मात्रा व काने विचारात घेतलेले नाहीत’ असे एक निरुपद्रवी वाक्य लेखात कंसात आहे. ते कंसातून बाहेर काढून मोठ्या टायपात छापायला हवे होते. मराठीत व्यंजने ३४ धरू, बाराखडी बाराची. म्हणजे अक्षरे ४०८. स्वर आणि जोडाक्षरे बाजूला ठेवते, ढोबळ हिशेबाला एवढे पुरे. तीन अक्षरी नाव मात्रांसकट जुळायचे तर शक्यता ६,७९,१७,३१२ मध्ये एक. ज्ञानेश्वरीएवढा, नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ घेतला तरी ते नाव त्यात सहज सापडण्याची शक्यता साडेसात हजारांत एक. मात्रा सोडून द्या. आता शक्यता ३९,३०४ मध्ये एक, आणि तेवढ्याच ग्रंथात ते नाव सापडण्याची शक्यता जवळपास चारात एक! एका कंसाने सतराशे अठ्ठावीस पट सवलत मिळवली. ‘गोविंद’ हवा असेल तर ‘ग-व-द’ चालते, मग तो ‘गावदी’ आहे हे कोण सांगणार?

त्यात ओव्यांच्या सुरुवाती सगळ्या सारख्या नसतात. ‘तैसा’, ‘तरी’, ‘तो’, ‘म्हणोनि’, ‘मग’, ‘जैसा’, ‘जो’, ‘आतां’, ‘ऐसें’, ‘कीं’ ही तर ओवीची नेहमीची दारे. त, म, ज, क, अ ही अक्षरे कडेला रांग लावून उभी असतात. समजा दहा ओव्यांतली एक ‘म’ने आणि दहातली एक ‘त’ने सुरू होते, तर नऊ हजार ओव्यांत ‘मत’ हा शब्द नव्वद ठिकाणी मिळेल आणि ‘तम’ आणखी नव्वद ठिकाणी. कवीने अंधार आणि अभिप्राय असे एकूण एकशे ऐंशी वेळा लपवून ठेवले, असे म्हणायचे का? लेखकाच्याच नियमाने मी त्याच अंकातला हवामानाचा मजकूर वाचून पाहिला. ‘नवरा’ मिळाला, खालून वर.

खालून वर म्हटल्यावर आठवले. लेखात एक नाव वरून खाली वाचले आहे, दुसरे खालून वर, तिसरे एक ओळ सोडून. इतकी मोकळीक घेतली की काहीही निघते, असे मी ठासून म्हणणार होते, पण रोमन कवी व्हर्जिल आडवा येतो. त्याच्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्याच्या पहिल्या खंडात ४२९, ४३१ आणि ४३३ या ओळींच्या आरंभीची दोन-दोन अक्षरे ‘मा’, ‘वे’, ‘पु’ अशी आहेत. कवीचे पूर्ण नाव पुब्लियस व्हर्गिलियस मारो. म्हणजे उलट्या क्रमाने, ओळ सोडून, दोन-दोन अक्षरांत सही! १९६३ मध्ये एडविन ब्राउन यांनी हे मांडले तेव्हा अनेकांनी नाक मुरडले असणार, आणि मुद्रितशोधक म्हणून माझाही पहिला कल तोच. पण मग असे दिसते की हा उतारा नेमका अराटसच्या चंद्रकोरीच्या उताऱ्यावर बेतलेला आहे, ‘लेप्टे’ जिथे आहे त्याच जागेवर. आणि उताऱ्याच्या तोंडाशी कवी म्हणतो, एकामागून एक येणारे चंद्र क्रमाने मागे वळून पाहशील तर फसणार नाहीस. क्रमाने, मागे वळून. मी या बाबतीत अजून कुंपणावर बसून आहे, पण पाय हळूहळू ‘हो’च्या बाजूला लोंबकळू लागले आहेत. त्याच्याच ‘इनिड’ या महाकाव्याच्या सातव्या सर्गात मात्र मला शंका नाही. युद्धाची दारे उघडण्याच्या रोमन प्रथेचे वर्णन ६०१व्या ओळीला सुरू होते आणि चार ओळींची आद्याक्षरे ‘मार्स’ देतात, युद्धदेवाचे नाव. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तोच शब्द उघडही येतो.

म्हणजे मोकळीक घेतली म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही. त्या मोकळिकीची भरपाई मजकुराने करावी लागते, एवढेच. ती केली नाही तर काय होते हे १९९४ मध्ये दिसले. एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात तीन इस्रायली अभ्यासकांनी दावा केला की बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथात ठरावीक अंतराने अक्षरे उचलली की पुढच्या काळात होऊन गेलेल्या धर्मपंडितांची नावे आणि तारखा जवळजवळ सापडतात. १९९९ मध्ये ब्रेंडन मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवले की नावे कशी लिहायची आणि कोणती घ्यायची यात इतकी सूट होती की निकाल हवा तसा वळवता येतो. मॅके यांनी तर ‘मोबी डिक’ या देवमाशावरच्या कादंबरीतून नामवंत व्यक्तींच्या हत्यांची ‘भाकिते’ काढून दाखवली. देवमाशाने कुणाला मारायचा कट केला होता, असे कोणी म्हटले नाही.

गद्यातसुद्धा पक्के काम करता येते, फक्त ओळीऐवजी असा एकक घ्यावा लागतो जो जुळारी हलवू शकत नाही. १४९९ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसच्या छापखान्यातून ‘हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली’ हा निनावी ग्रंथ निघाला. प्रकरणे ३८. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी नक्षीदार मोठे अक्षर. ती अडतीस अक्षरे ओळीने लावली की लॅटिन वाक्य होते: बंधू फ्रान्सिस्कस कोलुम्ना याने पोलियावर अतोनात प्रेम केले. अडतीसच्या अडतीस कामाला आली, एकही उरले नाही, व्याकरण निर्दोष. असे काही समोर आले की मीही टोपी काढते.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि लेखात तिचा मागमूस नाही. आपल्याकडे अक्षरांचे खेळ लपवून ठेवण्याची हौस कमी, जाहीर करण्याची जास्त. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात यमक, चित्रबंध (आकृतीत बसवलेले श्लोक) आणि प्रहेलिका (कोडी) यांचा सविस्तर विचार केला आहे. मम्मटाने अशा चित्रकाव्याला खालची पायरी दिली, ती त्यात व्यंग्यार्थ नसतो म्हणून, लपवाछपवी असते म्हणून नव्हे. माघाच्या ‘शिशुपालवधा’त एकोणिसाव्या सर्गाच्या अखेरीस चक्रबंध आहे. श्लोक चाकाच्या आऱ्यांवर मांडला की आतल्या वर्तुळांतून ‘माघकाव्यमिदम्’ आणि ‘शिशुपालवधः’ वाचता येते. टीकाकार ते आपणहून उलगडून सांगतात. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे म्हणतात. त्यांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लागतील अशी अक्षरेच नाहीत, ‘मंत्ररामायणा’त तेरा अक्षरी राममंत्र गुंफला आहे. नावातच सगळे सांगून टाकले. टेंबे स्वामींच्या सप्तशती गुरुचरित्राचे तर विचारूच नका. प्रत्येक ओवीचे तिसरे अक्षर घेत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय उभा राहतो. त्या अध्यायाचे वीस श्लोक, त्यांतले पाच लांब वृत्ताचे. अक्षरे मोजून पाहा, सातशेच्या आसपासच येतात. तिथे डाव्या कडेचा संबंधच नाही. तिसरे अक्षर म्हणजे तिसरेच, वरून खाली म्हणजे वरून खालीच. पडताळायला गीता कुठल्याही घरात मिळते.

वाल्मीकि रामायणाच्या प्रत्येक हजाराव्या श्लोकाचे पहिले अक्षर घेतले की चोवीस अक्षरी गायत्री मंत्र मिळतो, ही परंपरागत समजूत अनेकांना माहीत असेल. पहिला श्लोक ‘तपःस्वाध्यायनिरतं’ने सुरू होतो, तो ‘त’ जागेवर आहे. पण हा हिशेब चोवीस हजार श्लोकांवर बसवलेला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत श्लोक त्याहून बरेच कमी भरतात, त्यामुळे दुसऱ्या हजारापासून सगळे सरकते. मंत्राची अक्षरेही चोवीस व्हायची तर ‘वरेण्यं’चे ‘वरेणियं’ करून म्हणावे लागते. श्रद्धेने पाठ करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पडायचे कारणही नाही. पुरावा म्हणून पुढे करणाऱ्याला मात्र आवृत्तीचे नाव सांगावेच लागेल.

मोडलेल्या रचनेबद्दल एक सांगायचे आहे, कारण लेखक एका ठिकाणी लिहितात की ‘दोन अक्षरे चुकली आहेत, पण ते लेखनिकाचे प्रमाद असावेत’. असे होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका गौरवग्रंथात सत्कारमूर्तींवर कविता होती. संपादकांना सातव्या ओळीचा पहिला शब्द शिळा वाटला, त्यांनी तो बदलला. ग्रंथ बांधून आल्यावर कवी छापखान्यात आले आणि काही न बोलता त्यांनी डाव्या कडेवरून बोट खाली ओढले. सत्कारमूर्तींच्या आडनावाचा पार चुथडा झालेला होता. प्राचीन ग्रंथांतही हेच घडले आहे. निकँडर या ग्रीक कवीने विषारी प्राण्यांवरच्या काव्यात आपले नाव नऊ ओळींत स्वच्छ गुंफले आहे. विषांवरच्या त्याच्या दुसऱ्या काव्यात त्याच नावाचे अवशेष आहेत, मधली अक्षरे बिघडलेली. पण ‘इथे त्याचे नाव असावे’ असे म्हणता येते ते पहिल्या काव्यातली अखंड सही हाताशी आहे म्हणून. हिब्रू बायबलचे १४५वे स्तोत्रही असेच. अक्षरमालेवर रचलेले, पण प्रमाण प्रतीत ‘नून’ या अक्षराचा चरण गायब. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत तो चरण मिळाला. आणि मिळाला तरी पंडितांचे एकमत नाही. काहींना तो मूळचा वाटतो, काहींना कोणीतरी मागाहून भोक बुजवलेले. बावीसपैकी एकवीस अक्षरे जागेवर असताना ही सावधगिरी! आपल्या लेखात पाचपैकी दोन अक्षरे ‘प्रमाद’ आहेत.

एवढे सगळे लिहून झाल्यावर आता जे लिहिते आहे त्याने लेखकमहाशयांना कदाचित आश्चर्य वाटेल. त्यांच्या लेखातला एक शोध मला खरा वाटतो, आणि तो त्यांनी छायाचित्राखालच्या बारीक ओळीत टाकून दिला आहे. गुरुवंदनाच्या प्रसंगात चार सलग ओव्यांची, चरणांची नव्हे, पहिली अक्षरे गुरूचे चार अक्षरी नाव देतात. मात्रांसकट, वरून खाली, एकही अक्षर न सोडता. माझ्या वरच्या ढोबळ हिशेबाने ठरावीक चार अक्षरे अशी जुळण्याची शक्यता दोन हजार सातशे कोटींत एक. गुरूचे नाव कवीने अन्यत्र स्वतःच सांगितले आहे, त्यामुळे ‘कोणतेही नाव चालले असते’ ही पळवाट इथे नाही. आणि पहिल्याच ओवीत, माझ्या बोलांच्या आरंभी तूच उभा आहेस, अशा अर्थाचे शब्द आहेत. अराटसने टोकांकडे पाहायला सांगितले, हा कवी आरंभाकडे पाहायला सांगतो आहे. ओवीचा एकक असल्यामुळे पोथी सलग लिहिली असली तरी बिघडत नाही, गेरू लावलेला आकडा दिसला की पुढचे अक्षर सापडते.

तेव्हा आपल्यामार्फत लेखकांना विनंती अशी की गावाचे नाव आणि खालून वर वाचलेले सगळे त्यांनी बाजूला ठेवावे आणि या चार ओव्यांमागे लागावे. पोथीच्या आणखी हस्तलिखित प्रती पाहाव्यात. त्या चारही ओव्या सगळ्या प्रतींत आहेत का, त्याच क्रमाने आहेत का, की एखादी मागाहून आलेली आहे, हे तपासावे. कवीच्या दुसऱ्या ग्रंथातही गुरुवंदन आहे, तिथेही ओव्यांची पहिली अक्षरे पाहावीत, आणि काही मिळाले नाही तर तेही छापावे. पुढचा लेख घ्याल तेव्हा आपण सोबत हस्तलिखिताच्या त्या पानाचे छायाचित्र द्यावे, छापील पुस्तकाचे नको. प्रुफे वाचायला कोणी नसेल तर मला पाठवा, चष्म्याचा नंबर वाढला आहे पण डावी कड अजून स्पष्ट दिसते.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक